लोकर सोडून सारं पिवळं

मी नांदुऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि माझ्या वर्गात एकही प्रयोग फसला नाही. याचं कारण असं, की प्रयोग मुलं करायची आणि मी खिडकीपाशी उभा राहून ‘शाबास’ म्हणायचो. स्वतःच्या हातानं पहिला प्रयोग केला तो निवृत्तीनंतर, नातवाच्या बारशाच्या दिवशी.

आमच्या मुलीचं, वर्षाचं, बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे झालं. बायकोनं, शैलानं, सातव्या महिन्यापासूनच बाळासाठी पिवळं स्वेटर विणायला घेतलं होतं. हे साधं स्वेटर नव्हतं. वर्षाच्या लग्नात रुखवतातला शैलानं विणलेला रुमाल पाहून विहीणबाई म्हणाल्या होत्या, "टाके जरा सैल हायेत." त्या चार शब्दांना उत्तर म्हणून हे स्वेटर घट्ट टाक्यांनी जन्माला येत होतं. बारशाला विहीणबाईंनी ते बाळाच्या अंगात बघायचं आणि गप्प बसायचं, एवढीच शैलाची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती.

बारशाला दोन दिवस राहिले आणि लोकर संपली. एक बाही बाकी! (घट्ट टाक्यांना लोकर जास्त लागते, असं मी तेव्हा म्हणालो. म्हणायला नको होतं.) मला खामगावला पिटाळण्यात आलं. दुकानदारानं नमुन्याचा धागा बोटाला गुंडाळून पाहिला.

"सर, हा पिवळा खतम झाला. पांढरा घेऊन जा."

"माल चांगला हाये ना?"

"धुवा, आपटा, उन्हात टाका. हिचा रंग काही केल्या बदलत नाई."

मी या वाक्याकडे लक्ष दिलं असतं तर ही आठवण इथंच संपली असती.

पांढऱ्या लोकरीचे गुंडे पाहून शैला काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी जास्त बोलतो. मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गोरी बाई पाण्यात खायचा रंग टाकते, थोडं आंबट घालते, लोकर उकळते, आणि लोकर सगळा रंग पिऊन टाकते. भांड्यात उरतं ते निव्वळ पाणी.

"अवं, रंगवू ना आपन," मी म्हटलं. "जिलबीचा रंग टाकू. लेकरानं बाही चोखली तरी भेव नाई."

"तुमी रंगवसान?"

"मी विज्ञानाचा मास्तर हाव."

"म्हनूनच इचारून राह्यली मी."

स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळणार नाही, असा निकाल लागला. मग बारशाच्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या चुलीवर, आंघोळीचं पाणी तापवायचा आमचा जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, चढवला. किराणा दुकानातून जिलबीच्या रंगाच्या दोन डब्या आणल्या होत्या. चिमूटभर पुरे, असं डबीवर लिहिलं होतं. पण एवढ्या मोठ्या गंजात चिमूट म्हणजे दर्यात खसखस, म्हणून मी दोन्ही डब्या उपड्या केल्या, दोन लिंबं पिळली, लोकर सोडली आणि लाकडाच्या दांडक्यानं ढवळायला लागलो.

पाच मिनिटांत माझे हात पिवळे झाले. दहा मिनिटांत दांडकं पिवळं झालं. पंधराव्या मिनिटाला माझं बनियन आणि चुलीपाशी ऊब घेत बसलेल्या मांजरीची शेपटी. लोकर पांढरी. मी जाळ वाढवला. अर्ध्या तासानं चुलीजवळची फरशी पिवळी, चष्म्याची दांडी पिवळी, लोकर पांढरी! दांडक्यानं उचलून पाहिली तर अळूच्या पानावरून पाणी ओघळावं तसा सगळा रंग खाली ओघळला. शैला दारातून डोकावली.

"का जी, चढला का रंग?"

"चढून राह्यला."

"कोनावर?"

आंबट कमी पडलं असणार, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. लोकर काढून दोरीवर टाकली, चुलीतली लाकडं मागं ओढली, पाणी गरम राहावं म्हणून गंजावर ताट झाकलं आणि डझनभर लिंबं आणायला बाजारात गेलो. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. शास्त्रज्ञ सांगत नसतात.

व्याही संध्याकाळी यायचे होते, ते अकरालाच आले. आमचे व्याही भाऊसाहेब वडनेर भोलजी गावचे, मोठे शेतकरी. विहीणबाईंना मागं बसवून मोटरसायकलवर निघाले आणि हायवेची सगळी धूळ मिशीत गोळा करत आले. या मिशीबद्दल सांगायला हवं. पांढरीशुभ्र, जाड, दोन्ही टोकांना वळवलेली. तिच्यासाठी खिशात कंगवा आणि छोटा आरसा कायम असे. विहीणबाई बाळाकडं गेल्या, शैला स्वेटर लपवायला धावली, वर्षा बाळाला घेऊन बसली होती, आणि भाऊसाहेब धूळ धुवायला अंगणात आले. समोर चुलीवर झाकलेला गंज, आत वाफाळतं पाणी. न्हाणीत लाईट गेलेली. (असती तरी तो बल्ब अंधार नीट दिसावा एवढाच लागतो.) भाऊसाहेबांनी दोन बादल्या भरून घेतल्या.

मी लिंबांची पिशवी घेऊन परतलो तेव्हा ते अंगणात टॉवेलनं डोकं पुसत होते. केस पिवळे. भुवया पिवळ्या. आणि ती मिशी, काय सांगू, हलवायानं नुकत्याच कढईतून काढलेल्या दोन जिलब्या!

"गुरुजी," ते भरल्या आवाजात म्हणाले, "लगन झालं तवापासून मले वाटे, तुमी शहरातले, आमाले खेड्यातले समजता. पन आज मन भरलं. व्याह्यासाठी हळदीचं पानी तापवून ठेवलं तुमी."

मी पिशवी पाठीमागं धरली.

"हळदच व्हती ना जी?"

"हो. तशातलीच."

"अन् लिंबू? लिंबाचाबी वास येत व्हता."

"लिंबूबी व्हतं."

हसू येत होतं, भीतीही वाटत होती. हा माणूस संध्याकाळी दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर मानाच्या खुर्चीत बसणार, आणि माझ्या पोरीला जन्मभर याच्याच घरात नांदायचं! तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडं पाहून त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेतला. कुणी परका पाहुणा आला असं त्यांना वाटलं.

"पाह्यतं का अशी? मी होय," भाऊसाहेब म्हणाले.

आवाज ओळखल्यावर त्या ओट्यावर बसल्या. भाऊसाहेबांनी खिशातला आरसा काढला. आरशात बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, डब्या किती तेही. मग साबण झाला, दही झालं, खोबरेल तेल झालं. बेसन लावलं, पण त्यानं नेमकं काय झालं ते कळलं नाही, कारण तेही पिवळंच. मिशीवर ढिम्म परिणाम झाला नाही. व्हिडिओतल्या बाईनं खोटं सांगितलं नव्हतं. रंग पक्का बसला होता.

या गोंधळात शैला दोरीजवळ गेली, लोकरीचा एक धागा तोडून वाळवला आणि त्याला काडी लावली. धागा वितळला, टोकाला टणक मणी झाला.

"केस जळल्यावानी वास येते का?" तिनं विचारलं. "नाई येत. हे मेंढीचं नोहे, कारखान्यातलं हाये. मेंढीचा केस रंग घेते, मानसाचा केस रंग घेते, हे घेत नाई. आठवीचा धडा हाये तुमचा. माह्याच टोपलीतून धागा नेऊन तुमी दर साली जाळत होते पोराईसमोर."

मी जाळत नव्हतो, मुलं जाळायची, असं म्हणणार होतो, पण भाऊसाहेब मिशीला दही लावून माझ्याकडंच बघत होते.

शैलानं पांढऱ्या लोकरीनं बाही विणायला घेतली. दुसरा इलाज नव्हता. दात-ओठ खात विणली, त्यामुळं टाके आणखी घट्ट आले. संध्याकाळी पाहुणे जमले. भाऊसाहेब तोंडाला दुपट्टा गुंडाळून कोपऱ्यात बसले, आणि मी जवळ गेल्या गेल्या म्हणाले, "गुरुजी, नाव ठेवनं झालं की मी वापस चाललो." पाळण्यात बाळानं टाहो फोडला. वर्षानं घेतलं, विहीणबाईंनी घेतलं, शैलानं घेतलं, टाहो वाढत गेला. शेवटी कुणीतरी त्याला भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं, दुपट्टा सुटला, आणि पोरानं मूठभर पिवळी मिशी धरली. रडणं बंद!

बायका हसल्या, पुरुष हसले. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं (मिशी चांगलीच ओढली जात होती).

"नका सोडवू," ते म्हणाले. "धरू द्या. त्याच्या स्वेटरले मिशी म्याच झाली म्हनून धरली त्यानं."

माझ्या जिवात जीव आला. सगळ्यांचं लक्ष मिशीवर, बाहीकडं कुणी बघेना. शैलानं माझ्याकडं पाहून मानही हलवली. पण विहीणबाई त्या विहीणबाईच. निघताना त्यांनी बाळाचं स्वेटर दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं.

"टाके घट्ट हायेत," विहीणबाई म्हणाल्या. शैला लग्नात दिसली नसेल इतकी सुंदर दिसली. "पन एकच बाही पांढरी काऊन वो, इहीनबाई?"

"ह्या धाग्याचं अन् आमच्या गुरुजीचं एकसारखं हाये," शैला शांतपणे म्हणाली. "कितीबी उकळा, आत काई शिरत नाई."

एकतीस वर्षांत किती साहेब माझा वर्ग तपासून गेले, पण इतका नेमका शेरा एकालाही लिहिता आला नव्हता.