वायर धरणारी मुलगी

कॉलेजांची पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा पोहण्याच्या तलावावर चालली होती. सुमित पडद्याआडून, फक्त स्क्रीनवर बघत रोबो चालवत होता. मी प्रेक्षकांत बसलो होतो; समोर काठावर केतकी रोबोची वायर पाण्यात सोडत होती. तळातली कडी उचलायची होती आणि रोबो भलतीकडेच चालला होता. तिला ते दिसत होतं, पण वायर धरणाऱ्याने दिशा सांगायची नाही, असा नियम. वेळ संपली. कडी तळाशीच राहिली.

सुमित बाहेर आला. "दिसत होतं ना गं तुला?"

"हो, स्पष्ट."

"मग?"

"मग काय? ओरडून जिंकायचं होतं?"

चूक दिसूनही गप्प बसणारा गुन्हेगार, असं छापलेली आमच्या संघटनेची पत्रकं मी वाटत आलोय. मग ही मुलगी मला गुन्हेगार का वाटत नाही?

सुमित तिच्याबरोबर ओली वायर गुंडाळू लागला. त्याला तिचं म्हणणं पटलं होतं, का तो नुसताच हरला होता, तेही मला कळेना.