शंभर वॅटच्या बल्बची साक्ष

कौसर शेखविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात आहे; नीट जमेल याची खात्री नाही. नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात अकरा वर्षं सर्किट बोर्डांवर काम करून तिनं लोणावळ्यात दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

गेल्या पावसाळ्यात कुरवंडे गावच्या रखमाजीचं अंडी उबवायचं यंत्र बिघडलं. आत सहाशे गावरान अंडी, सोळावा दिवस. हीटर आपोआप बंदच होईना. रखमाजी आणि त्याची बायको अंबूबाई पाळीपाळीनं बसून हातानं बटण बंद-चालू करत होती.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून मला बोलावलं. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बोर्डावर होता. मी हीटरची वायर सोडवून मीटर लावला. रिले बंद असायला हवा तेव्हाही दोनशे व्होल्ट दिसले. रिले गेला, असं सांगितलं. रखमाजीनं पुण्याहून नवा आणला, मी बसवला. मीटर तेच दाखवी. हाही खराब, असं मी ठरवलं.

मग कौसरला बोलावलं; दुसऱ्या दिवशी ती आली. अंड्यांवर गोधडी टाकायला लावून तिनं हीटरच्या जागी शंभर वॅटचा बल्ब जोडला. बल्ब पेटला, रिले बंद केल्यावर विझला.

"काका, नवा चांगला आहे. हा रिले बंद असतानाही थोडा करंट झिरपतो. मीटरला तेवढा पुरतो, बल्बला नाही."

मग जुना लावला. बल्ब विझेचना.

"हा मात्र खरंच गेलाय. तेवढं तुमचं बरोबर."

"आबा, तुमच्या मीटरनं आमची पिल्लं मारली आस्ती," रखमाजी म्हणाला.

तिथं काम संपलं असतं. पण जुना रिले कशामुळे गेला, हे कळल्याशिवाय कौसर उठेना. बोर्डाच्या पेटीची सगळी भोकं चिंध्यांनी बुजलेली होती.

"म्याच बुजवली," अंबूबाई म्हणाली. "लय धुकं शिरतं हितं."

"मावशी, अंड्यांना ऊब लागते, याला वारा. तापून, गुदमरून मेला तो."

तिनं नवा रिले परत बसवला, चिंध्या काढल्या, धुक्याचं पाणी आत पडू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर बसवलं आणि तापमानाचा काटा स्थिर होईपर्यंत तीन तास तिथंच बसली.

चार दिवसांनी चारशे बारा पिल्लं निघाली. मी दुकानात जाऊन सांगितलं. ती हसली, हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि पेटी? फार तापत नाही ना आता?"