औषधाचं दूध

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी कल्याणजवळच्या गावात आले, तेव्हा माहेर ठाण्यात, खोपटला, आणि नवरा बोटीवर. घरात सासू, सासरे, चार म्हशी आणि परसात सासऱ्यांची लाडकी गोबरगॅसची टाकी. त्यातल्या त्यात म्हशींशी माझं बरं जमायचं. सासरे कधी बोलायचेच नाहीत, सासूबाई निदान कामापुरतं बोलायच्या. दुपारी मी उगाच टाकीच्या गॅसवरची शेगडी पेटवून ठेवायची. घरात कोणीतरी जागं आहे असं वाटायचं.

त्या वर्षी दोन म्हशींच्या कासा सुजल्या. गुरांच्या डॉक्टरांनी आठवडाभर इंजेक्शनं दिली आणि हे दूध प्यायचं नाही, विकायचं नाही, असं बजावलं. मी बादली घेऊन मोरीकडे निघाले तशा सासूबाई ओरडल्या, "अगं, दूध काय मोरीत ओततात? कोणाचा पाय पडेल. शेणाच्या कुंडीत ओत." या कुंडीत शेण कालवून टाकीत सोडायचं असे. दूध पायदळी जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. मी रोज दोन्ही वेळा ओतत राहिले.

थोड्याच दिवसांत, गॅस भरला की वर येणारं टाकीचं लोखंडी पिंप खाली बसलं. शेगडी फडफडली आणि विझली. चुलीच्या धुरात मी डोळे पुसत होते, तेव्हा सासरे ओसरीवरून म्हणाले, "इतकी वर्षं चालली. ही आली आणि बंद पडली."

मला ते फार लागलं. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. ते पोचेपर्यंत तो दुसऱ्याच बंदरात असणार.

डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा सासऱ्यांनी टाकीचं गाऱ्हाणं सांगितलं.

"काका, गॅस शेणातले जंतू करतात," डॉक्टर म्हणाले, "आणि हे औषध जंतूच मारतं. थोडं शेणामुतातून उतरतंच. वर कोणी ते दूध तर नाही ना ओतलं कुंडीत?"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सरळ.

"मी ओतलं," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"शिकलेली ना तू?" एवढं बोलून सासरे आत गेले.

आता तरी सासूबाई जवळ घेतील असं मला वाटलं होतं. वेडी आशा! त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे बघायचंच सोडलं, कामापुरतं बोलणंही आटलं. कधीतरी महिन्याभराने पिंप वर आलं. मी शेगडी पेटवली, निळी ज्योत उठली, आणि मी त्यांना हाक मारली.

सासूबाई चुलीवरच भाकऱ्या भाजत राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.