टाचेच्या हाडावरची तिसरी जागा

टाचेच्या हाडाच्या वरच्या अंगाला गुळगुळीत जागा असतात. घोट्याचं हाड त्यांच्यावर बसतं. पुस्तकातल्या चित्रात त्या तीन असतात. खऱ्या हाडांत मात्र पुष्कळदा पुढची आणि मधली मिसळून एकच लांबट जागा झालेली असते, आणि उरतात दोनच. बंगळुरूच्या एका मेडिकल कॉलेजात मी हे वर्षानुवर्षं शिकवतो आहे. परीक्षेला मात्र आम्ही पुस्तकासारखीच हाडं ठेवतो. दोनवाली आमचे अटेंडर अण्णा वेगळ्या डब्यात ठेवतात, मुलं गोंधळू नयेत म्हणून.

पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. समोरची मुलगी बेळगावकडची, माझ्यासारखीच घरी मराठी बोलणारी. ट्रेमधलं हाड मी न बघताच तिच्या हातात दिलं आणि विचारलं, अशा जागा किती?

तिने ते उजेडाकडे धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. "दोन, सर."

"नीट बघ."

तिने पुन्हा अंगठा फिरवला. "दोनच आहेत, सर."

बाहेरून आलेले परीक्षक धारवाडचे, मराठी समजणारे. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, "बाईसाहेब, डोळे हॉस्टेलवर विसरून आलात काय?"

ते हसले. मीही हसलो. त्यानंतर तिला साधी मनगटाची हाडंही सांगता येईनात. आम्ही तिला नापास केलं.

संध्याकाळी हाडं भरताना अण्णा म्हणाले, "अय्यो, हे दोनवालं ट्रेमध्ये कसं आलं? माझीच चूक झाली, सर."

मी हाड घेऊन अंगठा फिरवला. दोन. गुणपत्रकाचं पाकीट टेबलावर अजून उघडंच होतं. धारवाडचे सर खाली गाडीची वाट बघत उभे होते. एक जिना उतरायचा होता, बस. पण मग हसल्याचं काय सांगायचं?

"सरी, असू दे," मी त्यांच्याच कानडी ढंगात म्हणालो आणि पाकिटाला डिंक लावला.

पुरवणी परीक्षेला ती आली तेव्हा मी अण्णांकडून मुद्दाम तेच हाड मागवून घेतलं. ती दोन म्हणेल, मग मी सगळ्यांदेखत म्हणेन, 'त्या दिवशीही तुझंच बरोबर होतं.' बसवनगुडीच्या घरून कॉलेजात येताना बसमध्ये हे वाक्य मी मनाशी कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं.

तिने हाड तळहातावर घेतलं. त्याच्याकडे बघितलंच नाही, बघितलं ते माझ्या तोंडाकडे. "तीन, सर."

"दाखव."

ओळखीची जागा दाखवावी तसं तिने त्या एकाच लांबट जागेवर बोट ठेवलं, जिथे कसलीच सीमा नव्हती. "ही मधली. ही पुढची." आवाज खणखणीत होता.

"बरोबर," मी म्हणालो आणि पूर्ण गुण दिले.

उठताना ती हळूच मराठीत म्हणाली, "या वेळी पाठ करून आले होते, सर."