गोळ्यांचा पैरा

साल १९७४. मी एकतीस वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत. पण भूत, भानामती, अंगात येणं... असल्या भानगडी मी कधी मानल्या नाहीत, आजपण मानत नाही. घडलं तसं लिहितो.

आमचा दादा म्हणजे थोरला भाऊ, रहिमतपूर भागातला नावाजलेला गुळव्या; उकळता पाक बोटावर पारखून गूळ कधी उतरवायचा ते सांगायचा. त्याच्या हातापायातली ताकदच जायला लागली. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, या दुखण्यावर औषध नाही. पण दुसऱ्या आजारावरची एक जुनी गोळी इथं चालते का ते तपासतोय. दोन-दोन पेशंटांची जोडी. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी नुसत्या खडूची गोळी. कुणाला काय, ते डॉक्टरांनापण ठाऊक नाही — यादी कुलपात.

दादाच्या जोडीला आष्ट्याचे इब्राहिमभाई, बांगड्यांचे व्यापारी. मला हा कारभार पटला नाही. एकेक बैलवाले दोघं शेतकरी पैरा करून जोडी जुळवतात, मग गोळ्यांचा पैरा का नको? दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली पहिल्या महिन्याच्या दोन्ही बाटल्या टॉवेलवर ओतल्या आणि कालवल्या. आता निम्म्या-निम्म्या वाटायच्या. भाई खूश. बाकावरचा दादा मात्र भडकला.

"लय शहाणा झालास. लाव एकेक गोळी माझ्या बोटाला."

साठ गोळ्या, सगळ्या एकसारख्या. डोळे मिटून दादा सांगत गेला — माझी... भाईंची... भाईंची... इब्राहिमभाई हसायला लागले. "आवं दादा, मी बांगडीपण एवढी पारखत न्हाई."

भाई गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "माझ्यात खडू हाय."

"मग बदलू की."

"न्हाई रं. कुणीतरी खडू खाल्ल्याबिगर औषध खरं का खोटं, कळायचं कसं?"

मी लय भांडलो. पण हट्टीपणात तो माझाच भाऊ. तरी खात्रीसाठी दोन्ही ढिगांतल्या चार-चार गोळ्या मी गुपचूप दोन वेगळ्या पुड्यांत बांधून ठेवल्या.

वर्षानं यादी उघडली. दादाचा खडूच. भाईंनापण औषधानं फरक नव्हता, ते वेगळं. मी सगळं कबूल करून पुड्या पुढं केल्या. डॉक्टरांनी आधी मनसोक्त झाडलं, मग गोळ्या तपासून घेतल्या. आठातली एकपण चुकली नव्हती. या आजारात स्पर्श शाबूत राहतो म्हणाले, पण गोळ्यांत बोटाला कळण्यासारखं काहीच नव्हतं. दादाला विचारलं तर म्हणे, मला तरी काय ठाऊक! मला तर अजून उलगडलेलं नाही.

त्या वर्षाच्या सुरुवातीला, गोळ्या निवडून दादानं पैरा मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी दादाला भिंतीला टेकवून बसवला, तोंड धुऊन दिलं, त्याच्याच बाटलीतली गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं.