पिंपळपानांच्या चौकटीआडचा हात

दादाच्या सूनबाईचा फोन आला तेव्हा मी पुसदला वाल सोलत बसले होते. "आत्याबाई, बाबा गेले," एवढंच ती बोलली. अर्ध्या तासानं पुन्हा फोन... "बाबांचा एकट्याचा एखादा फोटो आहे का तुमच्यापाशी?" चाळीस वर्षं घाटंजीत दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माझ्या दादाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. मला आधी रागच आला त्याचा. रडू नंतर आलं.

दादाचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. डोंगराचं चित्र असलेला पडदा, एक स्टूल, आणि पुढं कधीतरी आलेला कॉम्प्युटर. या कॉम्प्युटरनं दादाला वेड लावलं. फोटोला बॉर्डर मारायला तो शिकला आणि मग थांबेचना. बारशाला मोर, लग्नाला तोरण, वाढदिवसाला गुलाब. मी चिडवायची, "दादा, माणूस दिसू दे की त्यात." तो म्हणायचा, "शोभे, मास्तरीणच राह्यली तू. लोकायले हौस असते."

मग कापसाचे दिवस फिरले. भाव नाही, पाऊस नाही, गावातल्या जिनिंग कारखान्याला कुलूप. लग्नं आटोपशीर होऊ लागली. स्टुडिओत येणारी माणसं आता जुना फोटो रुमालात गुंडाळून आणायची आणि हळूच सांगायची, "भिंतीवर लावाचा हाय." दादानं त्यासाठी निराळ्या बॉर्डर केल्या. कोणाला समई आणि हार. बौद्ध घरातलं कोणी आलं तर समई काढून तो एकेक पान जुळवत पिंपळपानांची चौकट करायचा. त्या चौकटीचा त्याला फार अभिमान होता, आणि त्याच चौकटीनं त्याला आयुष्यभराची टोचणी लावली.

कुंदाचा नवरा जिनिंगमध्ये हमाल होता. एका बाजाराच्या दिवशी दोघं आली, हौसेनं फोटो काढून घेतला. पुढच्या बाजाराला नेऊ म्हणाली, पण जिनिंग बंद पडलं आणि फोटो धुवायचा, न्यायचा राहिला. काही महिन्यांनी नवरा तापानं गेला. त्याचा भाऊ घाईघाईनं आला, "भिंतीवर लावाले माह्या भावाचा एकट्याचा फोटो द्या." दादानं दोघांच्या फोटोतून त्याला कापून घेतलं. खांद्यावर कुंदाची बोटं होती, ती काही निघेनात. मनगट मात्र त्यानं पिंपळपानांखाली झाकलं. काम सुबक झालं. आणि दोघांच्या फोटोच्याच नावानं त्यानं ते सेव्ह करून टाकलं, त्यामुळं मूळ फोटो पुसला गेला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर कधीच पुसलं होतं.

महिन्याभरानं कुंदा स्वतः आली. मी तेव्हा सुट्टीत घाटंजीलाच होते. म्हणाली, "भाऊ, आमच्या दोघायचा फोटो धुऊन द्या. लग्नातबी काढला नव्हता. तेवढाच हाय."

दादानं फायली उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. शेवटी म्हणाला, "बाई, माह्या हातून गेला तो फोटो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दादा गयावया करत म्हणाला, "तुमचा आता एक काढतो, त्याच्या बाजूला बसवून देतो. कोणाले समजनार नाही."

"मले समजन ना," कुंदा म्हणाली. "तवा मी हासून राह्यली होती. आता तशी कुठून आनू?"

त्यानंतर दादानं पिंपळपानांची बॉर्डर कुणाला मारली नाही. या विषयावर तो कधी बोललाही नाही. मला वाटलं, विसरला. आपला भाऊ आपल्याला किती कमी माहीत असतो...

तेरवी झाल्यावर त्याचा फोटो शोधायला मी त्याचा कॉम्प्युटर लावला. त्याचा नाही सापडला, शेवटी ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला. पण 'कुंदा' नावाचं एक फोल्डर सापडलं. आत तोच फोटो साठ-सत्तर वेळा. दादानं चौकटीचं एकेक पान खोडून त्याखालचा हात नव्यानं काढला होता. सुरुवातीचे हात ओबडधोबड, लाकडासारखे. वर्षागणिक बोटांना मनगट आलं, मनगटावर लाल बांगड्या आल्या, मग कोपर. शेवटची फाईल तो गेला त्याच आठवड्यातली. कुंदाच्या खांद्याच्या थोडं अलीकडे हात थांबला होता, आणि पुढं नुसतं पांढरं.

मी तो छापून कुंदाच्या घरी घेऊन गेले. केस पिकलेत आता तिचे. खाटेवर बसून तिनं बराच वेळ पाहिलं, बांगड्यांवरून बोट फिरवलं.

"हात माहाच हाय," ती म्हणाली. "पन बांगड्या हिरव्या होत्या. भाऊले सांगजा, हिरव्या..." आणि ती थांबली.

परत आल्यावर मी पुन्हा ती फाईल उघडली. एवढा रंग तरी बदलून द्यावा म्हटलं. दुपारभर माउस फिरवला, पण बांगड्यांबरोबर हातही हिरवा होतो. हे कसं करतात ते दादाला विचारायचं राहूनच गेलं.