अंगठा न दिलेला जबाब

मी चौथीपर्यंत शिकले, तरी चारचौघांत अंगठाच देते. सही करायला मला वेळ लागतो, मागे रांग उभी असते आणि सगळे हाताकडे बघत राहतात. अंगठा पटकन होतो. त्यामुळे पनवेलला ज्यांच्याकडे मी भांडी घासायचे त्या ताईंना, आणि इथं माझ्या गव्हाण गावातही, सगळ्यांना वाटतं की हिला वाचता येत नाही.

ताईंच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून गेल्या आणि संशय माझ्यावर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक हवालदार आणि एक महिला शिपाई माझ्या घरी आले. घरात मी एकटीच होते. वीज गेल्यामुळे पंखाही बंद होता. हवालदार फिरून फिरून तेच विचारत होता आणि मी एकच सांगत होते, "मी नाय घेतल्या." तो लिहीत होता. माझं बोलणं संपायचं, तरी त्याचं पेन थांबायचं नाही.

मग त्यानं वाचून दाखवलं, "मी पाटल्या घेतल्या नाहीत. मला काही माहीत नाही." कागद माझ्यापुढे सरकवून त्यानं शाईची डबी उघडली. "मावशी, इथं अंगठा."

मी खाली बघितलं. कागदावर वेगळंच होतं. 'मी दुपारी कपाट उघडले. पाटल्या पदराला बांधल्या.' वर माझंच नाव, माझंच गाव. ओठ न हलवता मी परत वाचलं. त्या कागदात माझ्या नावाची एक बाई कपाट उघडत होती. तिचा पदरही मला दिसला, हळदीचा डाग पडलेला, माझ्यासारखाच. क्षणभर वाटलं, घेतल्याच की काय मी?

"अंगठ्याला मुहूर्त बघायचाय का, मावशी?" महिला शिपाई हसली.

संध्याकाळी मी एका वकीलबाईंचं ऑफिस पुसते. त्या येणाऱ्या माणसांना सांगतात ते माझ्या कानावर पडतं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही नसते, मागितली तरी द्यायची नाही. स्वतःवर गुन्हा ओढवेल असं बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही.

मी हात पदराखाली घेतला. "नाय देणार."

"का? वाचून दाखवलं ना?"

"मला वाचता येतं."

हवालदारानं शाईची डबी बंद केली.

"मग उद्या चौकीवर ये," तो म्हणाला.

"बाईमाणसाला घरीच विचारायचं असतं, साहेब. तुमीच या. मी वकीलबाईंना पण बोलावते."

त्यानं कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला.

नंतर कुणी आलं नाही. ताईंनी कामावर येऊ नको म्हणून निरोप धाडला. पाटल्या सापडल्या का, ते कळलं नाही. दुपारी घरात एकटी असले की वाटतं, ती बाई अजून त्या कपाटाशी उभी आहे, माझ्या अंगठ्याची वाट बघत.

म्हणून खरं काय झालं ते या वहीत लिहिलं आणि खाली सही केली. सावकाश, पूर्ण नावाची.